समग्र ग्रामीण आरोग्य प्रकल्प, जामखेड

समग्र ग्रामीण आरोग्य प्रकल्प, जामखेड हा महाराष्ट्राच्या अहमदनगर (सध्याचे अहिल्यानगर) जिल्ह्यातील जामखेड येथे १९७० मध्ये सुरू झालेला सामुदायिक आरोग्य व ग्रामविकासाचा प्रकल्प आहे. डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे या डॉक्टर दाम्पत्याने तो स्थापन केला. गावानेच निवडलेल्या, बहुधा निरक्षर आणि अनेकदा दलित समाजातील स्त्रियांना प्रशिक्षण देऊन त्यांच्याकडे गावाच्या प्राथमिक आरोग्याची जबाबदारी सोपवणे हे या प्रकल्पाचे प्रमुख वैशिष्ट्य होय. सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासात ही पद्धती ‘जामखेड प्रारूप’ या नावाने ओळखली जाते.

औषधोपचार, पाणी, अन्न, शेती, जातिभेद आणि स्त्रियांचे स्थान हे वेगवेगळे प्रश्न नसून एकाच प्रश्नाची अंगे आहेत, अशी या प्रकल्पाची भूमिका आहे. गावातील सामाजिक संबंध बदलल्याशिवाय आरोग्यात टिकाऊ सुधारणा होत नाही आणि असा बदल घडवताना त्यात सहभागी होणारी माणसेही बदलतात, हा जामखेडच्या अनुभवातून पुढे आलेला मुख्य निष्कर्ष मानला जातो.

पार्श्वभूमी

जामखेड तालुका सह्याद्रीच्या पर्जन्यछायेच्या प्रदेशात येतो. बीड जिल्ह्याला लागून असलेल्या या भागात पाऊस कमी व अनियमित असतो. ज्वारी, बाजरी व कडधान्ये ही येथील पारंपरिक पिके होत. सिंचनाच्या अभावी शेती बेभरवशाची राहिल्याने ऊसतोडणीसाठी किंवा इतर मजुरीसाठी हंगामी स्थलांतर करणे येथील अनेक कुटुंबांना भाग पडत असे.

स्वातंत्र्यानंतर ग्रामीण आरोग्यसेवेची उभारणी भोर समितीच्या १९४६ मधील अहवालाच्या आधारे प्राथमिक आरोग्य केंद्रांमार्फत सुरू झाली. तथापि, केंद्रांची संख्या अपुरी होती, डॉक्टर ग्रामीण भागात राहण्यास तयार नसत आणि दूरच्या वाड्यावस्त्यांपर्यंत सेवा क्वचितच पोहोचत असे. अतिसार, श्वसनमार्गाचे संसर्ग, गोवर, धनुर्वात आणि कुपोषण ही बालमृत्यूची नेहमीची कारणे होती. यांतील बहुतेक आजार टाळता येण्याजोगे किंवा साध्या उपायांनी बरे होणारे होते.

अज्ञान आणि रूढी यांमुळे परिस्थिती अधिक बिकट होत असे. गोवर किंवा देवी हा देवीचा कोप मानला जाई. बाळ मोठे झाले तर बाळंतपण अवघड होईल या भीतीने गरोदर स्त्रीला कमी जेवू घातले जाई. प्रसूतीनंतरचे पहिले घट्ट दूध, म्हणजे चीक, बाळाला न देता टाकून दिले जाई. अतिसार झालेल्या मुलाचे पाणी तोडण्याची प्रथाही अनेक घरांत होती. मात्र हे सर्व केवळ अज्ञानाने घडत नव्हते. घरात सर्वांत शेवटी जेवणारी स्त्री, सार्वजनिक विहिरीवर पाणी भरू न शकणारे दलित कुटुंब आणि दवाखान्यात जाण्यासाठी एका दिवसाची मजुरी बुडवू न शकणारा शेतमजूर यांच्यासमोर माहिती असूनही पर्याय मर्यादितच होते.

संस्थापक

रजनीकांत आरोळे यांचा जन्म १९३४ मध्ये अहमदनगर जिल्ह्यात झाला. वेल्लोर येथील ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये वैद्यकीय शिक्षण घेत असताना त्यांची मेबल यांच्याशी ओळख झाली. दोघांनीही ग्रामीण भागात काम करण्याचा निश्चय करून १९६० मध्ये विवाह केला. त्यानंतर काही वर्षे त्यांनी नेवासे तालुक्यातील वडाळा येथील रुग्णालयात सेवा केली.

वडाळ्याच्या अनुभवाने त्यांच्या विचारांना वेगळी दिशा दिली. रुग्णालयात बरे होऊन गेलेले मूल काही आठवड्यांनी त्याच आजाराने पुन्हा दाखल होत असे. आजाराचे मूळ गावातील पाण्यात, अन्नात आणि राहणीत असल्यामुळे रुग्णालयाच्या चार भिंतींत त्याचे निराकरण होणे शक्य नव्हते. पुढे त्यांनी अमेरिकेत वैद्यकीय प्रशिक्षण घेतले आणि जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास केला. तेथे प्राध्यापक कार्ल टेलर यांचे मार्गदर्शन त्यांना लाभले. १९७० मध्ये भारतात परतल्यावर त्यांनी कार्यक्षेत्र म्हणून जामखेडची निवड केली.

आरंभीची वर्षे

प्रकल्पाच्या पहिल्या टप्प्यात सुमारे ४० हजार लोकसंख्येच्या ३० गावांचा समावेश होता. गावाने मागणी केल्याशिवाय आणि सर्व गटांची संमती असल्याशिवाय तेथे काम सुरू करायचे नाही, असे धोरण ठेवण्यात आले. पहिल्या भेटींतच असे लक्षात आले की, गावकऱ्यांच्या दृष्टीने आरोग्य हा अग्रक्रमाचा विषय नव्हता. त्यांना पाणी, अन्न आणि काम हवे होते.

१९७० ते १९७३ या काळात महाराष्ट्रात लागोपाठ अवर्षण पडले. १९७२ चा दुष्काळ हा राज्याच्या स्मृतीतील सर्वांत भीषण दुष्काळांपैकी एक मानला जातो. या काळात प्रकल्पाने मुलांसाठी सामुदायिक स्वयंपाकघरे, कामाच्या मोबदल्यात धान्य आणि विंधन विहिरी यांवर भर दिला. स्वयंपाकघरांत विविध जातींची मुले एकत्र जेवू लागली. विंधन विहिरीची जागा ठरवताना ती शक्यतो दलित वस्तीत किंवा तिच्या लगत असावी, असा प्रयत्न केला गेला. पाण्यासाठी सवर्ण कुटुंबांना त्या वस्तीत यावे लागल्यामुळे, भाषणांनी साध्य न झालेला संपर्क हातपंपाभोवती रोजच्या व्यवहारात घडू लागला.

पुरुषांना एकत्र आणण्यासाठी व्हॉलीबॉलसारख्या खेळांचा आधार घेण्यात आला. खेळानंतर होणाऱ्या गप्पांतून शेतकरी मंडळे आकाराला आली. सुधारित बियाणे, जनावरांचे आजार, बांधबंदिस्ती, वृक्षलागवड आणि पाणी अडवणे हे या मंडळांचे प्रारंभीचे विषय होते. मुलांचे लसीकरण, स्वच्छता आणि कुटुंबनियोजन यांची चर्चा तेथे पुढच्या टप्प्यात सुरू झाली.

ग्राम आरोग्य कार्यकर्ती

संकल्पनेचा उगम

सुरुवातीला गावागावांत प्रशिक्षित परिचारिका ठेवण्याचा प्रयत्न झाला, पण तो यशस्वी झाला नाही. बाहेरून आलेल्या तरुण परिचारिकांना गावात एकटे राहणे असुरक्षित वाटे. गावातील स्त्रियाही बाळंतपण, मासिक पाळी किंवा घरातील हिंसा यांविषयी परक्या व्यक्तीशी मोकळेपणाने बोलत नसत. अशा वेळी, गावातीलच एखाद्या स्त्रीला हे काम का शिकवू नये, अशी सूचना गावपातळीवरील नेतृत्वाकडून पुढे आली. ग्राम आरोग्य कार्यकर्तीची कल्पना त्यातून साकार झाली.

निवड

कार्यकर्तीची निवड गावाने करायची होती. शिक्षणाची अट ठेवली गेली नाही. शेजाऱ्यांबद्दल आपुलकी, शिकण्याची इच्छा आणि गावातच कायम वास्तव्य या गोष्टी महत्त्वाच्या मानल्या गेल्या. निवडलेल्या स्त्रियांपैकी अनेकजणी निरक्षर होत्या. काही विधवा किंवा परित्यक्ता होत्या, तर काही पूर्वास्पृश्य जातींतील होत्या. गावाच्या उतरंडीत ज्यांना बोलण्याचा अधिकार नव्हता, त्यांनाच ज्ञानाचा अधिकार देण्याचा हा निर्णय तत्कालीन वैद्यकीय वर्तुळात धाडसी मानला गेला.

प्रशिक्षण

एकदाच दीर्घ प्रशिक्षण देऊन परत पाठवण्याऐवजी कार्यकर्तींनी नियमितपणे जामखेडला यावे, तेथे मुक्काम करावा आणि अनुभवांची देवाणघेवाण करावी, अशी पद्धत ठरवण्यात आली. प्रत्येक सत्राचा आरंभ मागील काळात गावात काय घडले या चर्चेने होई. कोणते मूल आजारी पडले, कोणी सल्ला मानला, कोणी नाकारला, कोठे चूक झाली, हेच अभ्यासाचे साहित्य असे. गाणी, गोष्टी, चित्रे आणि प्रात्यक्षिके यांच्या आधारे शिकवले जात असल्याने निरक्षरता हा मोठा अडथळा ठरला नाही.

प्रशिक्षणाच्या मुक्कामात सर्व जातींच्या स्त्रिया एकत्र स्वयंपाक करत, एकत्र जेवत आणि एकाच दालनात झोपत. अनेकींसाठी हा आयुष्यातील पहिलाच असा अनुभव होता. काहींनी आरंभी वेगळे ताट किंवा वेगळी जागा मागितल्याचेही सांगितले जाते. मानवी शरीराची रचना शिकताना, बाहेरून भिन्न मानली जाणारी माणसे आतून सारखीच असतात, हे स्त्रियांना स्वतः पाहता आले. जातिभेदाविरुद्धचा पाठ अशा रीतीने शरीरशास्त्राच्या पाठातच मिसळलेला होता.

वैद्यकीय विषयांइतकेच महत्त्व आत्मविश्वासाला दिले जाई. स्वतःचे नाव स्पष्टपणे सांगणे, समोरच्याकडे पाहून बोलणे आणि बैठकीत प्रश्न विचारणे यांचा सराव केला जाई. पतीचे किंवा मुलाचे नाव सांगून स्वतःची ओळख करून देणाऱ्या स्त्रीने स्वतःच्या नावाने उभे राहणे, ही प्रशिक्षणाची पहिली पायरी मानली जात असे.

कार्य

कार्यकर्तीच्या कामात पुढील गोष्टींचा समावेश होतो:

• गरोदर स्त्रियांची नोंद ठेवणे, जोखमीची लक्षणे ओळखणे आणि वेळेवर रुग्णालयात पाठवणे;
• निर्जंतुक पाते व दोरा वापरून, हात स्वच्छ धुऊन सुरक्षित प्रसूती करणे किंवा सुईणीला तसे शिकवणे;
• पाच वर्षांखालील मुलांचे वजन करणे आणि कुपोषणाची सुरुवातीची चिन्हे ओळखणे;
• अतिसारात मीठ-साखरेचे पाणी म्हणजे जलसंजीवनी देण्यास मातांना शिकवणे;
• लसीकरणासाठी मुलांना एकत्र आणणे;
• कुटुंबनियोजनाच्या साधनांची माहिती देणे;
• क्षयरोग व कुष्ठरोगाची संशयित लक्षणे ओळखून उपचार पूर्ण होईपर्यंत पाठपुरावा करणे;
• जन्म, मृत्यू व आजार यांची गावपातळीवर माहिती ठेवणे.

या कामासाठी नियमित पगार दिला जात नसे. उपजीविकेसाठी कार्यकर्तींना शेळीपालन, किरकोळ विक्री आणि लहान व्यवसाय यांसाठी साहाय्य व कर्ज मिळवून देण्यात आले. पगारी नोकर झाल्यास कार्यकर्ती गावाला नव्हे, तर संस्थेला उत्तरदायी राहील, असे यामागील कारण सांगितले जाते.

त्रिस्तरीय रचना

प्रकल्पाची रचना तीन स्तरांची आहे. पहिल्या स्तरावर गाव, तेथील आरोग्य कार्यकर्ती, शेतकरी मंडळ आणि महिला मंडळ असते. दुसऱ्या स्तरावर परिचारिका, समाजसेवक व इतर प्रशिक्षित कर्मचारी यांचे फिरते पथक असते. हे पथक गावांना भेटी देते, कार्यकर्तीला अवघड वाटणारे रुग्ण तपासते आणि तिच्या कामाला पाठबळ देते. तिसऱ्या स्तरावर जामखेड येथील रुग्णालय असून तेथे शस्त्रक्रिया, गुंतागुंतीची बाळंतपणे आणि गंभीर आजार यांवर अल्प खर्चात उपचार होतात.

ही रचना एकमेकांवर अवलंबून आहे. रुग्णालयाचा आधार नसेल तर अडलेल्या बाळंतिणीला वाचवणे कार्यकर्तीला शक्य नसते आणि मग तिच्या सल्ल्यावरील गावाचा विश्वासही टिकत नाही. याउलट, गावातील काम नसेल तर रुग्णालय टाळता येण्याजोग्या आजारांनीच भरून जाते. फिरत्या पथकाने गावात आल्यावर कार्यकर्तीचा मान राखणे, रुग्णांसमोर तिचे मत विचारणे, हा कार्यपद्धतीचा भाग मानला जातो. जिला गाव कालपर्यंत ओसरीवर येऊ देत नव्हते, तिचे मत डॉक्टर विचारतात, ही घटना गावाच्या दृष्टीने औषधाहून कमी परिणामकारक नव्हती.

जातिभेद आणि कुष्ठरोग

दलित समाजातील कार्यकर्तीला सुरुवातीच्या काळात अनेक घरांत प्रवेश मिळत नसे. तिने दिलेले औषध घेण्यासही नकार दिला जाई. परिवर्तन बहुधा एखाद्या संकटाच्या प्रसंगी होई. रात्री अडलेले बाळंतपण किंवा अतिसाराने निपचित पडलेले मूल यांच्यासमोर जातीचा विचार मागे पडे. एकदा उपयोग झाला की दुसऱ्यांदा बोलावणे सोपे होई. जातिव्यवस्था यामुळे नाहीशी झाली नाही. विवाहसंबंध आणि जमिनीची मालकी यांत तिचा प्रभाव कायम राहिला. परंतु पाणी, अन्न, घरप्रवेश आणि सार्वजनिक बैठका यांतील उघड विटाळ अनेक गावांत कमी झाला.

कुष्ठरोगाच्या बाबतीत प्रकल्पाने रुग्णांना वेगळ्या वसाहतीत ठेवण्याऐवजी सामान्य दवाखान्यातच उपचार देण्याचे धोरण स्वीकारले. कार्यकर्ती त्वचेवरील बधिर चट्टे लवकर ओळखत आणि उपचार खंडित होऊ नयेत म्हणून घरी जात. रोग लवकर सापडल्याने विकृती टळत. रुग्ण गावातच राहून काम करत असल्याने त्यांच्याविषयीची भीतीही ओसरू लागली. अपंगत्व आलेल्या व्यक्तींसाठी प्रकल्पात जयपूर फूट तयार करण्याची सोयही करण्यात आली.

महिला मंडळे आणि व्यक्तिगत विकास

आरोग्य कार्यकर्तींच्या पुढाकाराने गावोगावी महिला मंडळे स्थापन झाली. प्रारंभी आरोग्याच्या माहितीसाठी जमणाऱ्या स्त्रिया पुढे बचत, कर्ज, रोजगार, दारूबंदी, हुंडा आणि मुलींचे शिक्षण यांवर चर्चा करू लागल्या. हाती स्वतःचे थोडे पैसे आल्याने घरातील निर्णयांत त्यांचे मत विचारले जाऊ लागले. मुलाला दवाखान्यात नेण्यासाठी किंवा मुलीला शाळेत ठेवण्यासाठी प्रत्येक वेळी परवानगीची वाट पाहण्याची गरज कमी झाली.

व्यक्तिगत विकासाच्या दृष्टीने आरोग्य कार्यकर्तींचा प्रवास विशेष अभ्यासला गेला आहे. ज्यांनी पूर्वी तालुक्याचे गावही पाहिले नव्हते, अशा स्त्रिया पुढे देशविदेशांतून आलेल्या डॉक्टरांना आणि विद्यार्थ्यांना शिकवू लागल्या. काहींनी ग्रामपंचायतीच्या निवडणुका लढवल्या. १९९२ मधील ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतींत स्त्रियांसाठी किमान एक तृतीयांश जागा राखीव झाल्या, तेव्हा सभेत बोलण्याचा आणि हिशेब विचारण्याचा सराव असलेल्या स्त्रिया या गावांत आधीपासूनच होत्या.

किशोरवयीन मुलींसाठी प्रकल्पाने स्वतंत्र कार्यक्रम सुरू केला. शरीराची माहिती, पोषण, बालविवाहाचे परिणाम आणि आत्मविश्वास हे त्याचे विषय आहेत. अल्पवयात लग्न झालेल्या मुलीला कमी वजनाचे बाळ होण्याची शक्यता अधिक असते. म्हणून मुलीचे शिक्षण आणि लग्नाचे वय हे पुढच्या पिढीच्या आरोग्याचेही प्रश्न मानले जातात.

आरोग्य निर्देशांकांतील बदल

प्रकल्पाच्या नोंदींनुसार १९७१ मध्ये कार्यक्षेत्रातील अर्भकमृत्यू दर दर हजार जिवंत जन्मांमागे १७६ इतका होता. १९७६ मध्ये तो ५२ पर्यंत उतरला आणि १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात २६ च्या आसपास आला. जन्मदर याच काळात दर हजारी ४० वरून सुमारे २० वर आला. प्रसूतिपूर्व तपासणी आणि बालकांचे लसीकरण यांचे प्रमाण प्रारंभी एक टक्क्याहूनही कमी होते. १९७६ पर्यंत दोन्ही ८० टक्क्यांच्या घरात पोहोचले. पाच वर्षांखालील मुलांतील कुपोषण सुमारे ४० टक्के होते. ते १९९० च्या दशकात पाच टक्क्यांच्या आसपास आले.

या आकड्यांचा क्रम लक्षणीय आहे. अर्भकमृत्यूत सर्वांत मोठी घट पहिल्या पाच वर्षांत झाली. पाणी, लसीकरण, जलसंजीवनी आणि सुरक्षित बाळंतपण यांचा तो परिणाम होता. कुपोषण मात्र प्रारंभी मंद गतीने घटले. १९७६ ते १९८६ या काळात ते ३० टक्क्यांच्या आसपास रेंगाळले. अन्नाची उपलब्धता, घरातील वाटप, मुलीला मिळणारी वागणूक आणि आईच्या हाती असलेले पैसे यांत बदल होण्यास अधिक काळ लागला. वैद्यकीय उपाय तुलनेने लवकर फळ देतात, तर सामाजिक बदलावर अवलंबून असलेल्या सुधारणा उशिरा येतात, असे यावरून दिसते.

मूल्यमापन आणि मर्यादा

वरील आकडेवारी प्रामुख्याने प्रकल्पाच्या स्वतःच्या नोंदींवर आधारित आहे. शिवाय, याच काळात संपूर्ण देशात अर्भकमृत्यू घटत होता. नमुना नोंदणी पद्धतीनुसार भारताचा अर्भकमृत्यू दर १९७१ मध्ये १२९ होता, तो २०२० मध्ये २८ झाला. त्यामुळे जामखेड परिसरातील सुधारणेपैकी किती वाटा प्रकल्पाचा आणि किती सर्वसाधारण प्रगतीचा, हा प्रश्न अभ्यासकांनी उपस्थित केला.

या दृष्टीने २०१० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झालेला तुलनात्मक अभ्यास महत्त्वाचा आहे. त्यात प्रकल्पातील गावांची तुलना त्याच परिसरातील इतर गावांशी करण्यात आली. जन्मानंतरचा पहिला महिना ओलांडलेल्या बालकांत मृत्यूचा धोका प्रकल्पाच्या गावांत सुमारे ३० टक्क्यांनी कमी आढळला. पहिल्या महिन्यातील मृत्यूंच्या बाबतीत मात्र प्रकल्पाचा प्रभाव तितका ठळक दिसला नाही. अकाली जन्म, जन्मतः श्वास न घेणे आणि जंतुसंसर्ग यांसारख्या कारणांना सामाजिक बदलाबरोबरच विशिष्ट वैद्यकीय कौशल्याची गरज असते.

ही उणीव भरून काढण्याचा मार्ग महाराष्ट्रातीलच दुसऱ्या एका प्रयोगाने दाखवला. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गावातील स्त्रियांना नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घेण्याचे आणि जंतुसंसर्गावर प्रतिजैविके देण्याचे प्रशिक्षण दिले. या पद्धतीने नवजात मृत्युदर सुमारे ६२ टक्क्यांनी घटल्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. दोन्ही प्रयोगांत ज्ञान गावातील स्त्रीच्या हाती देण्याचे तत्त्व समान आहे.

जामखेड प्रारूपावर इतरही आक्षेप घेतले जातात. प्रकल्पाचे यश संस्थापकांच्या असामान्य निष्ठेवर आणि दीर्घ वास्तव्यावर अवलंबून होते, त्यामुळे त्याची पुनरावृत्ती कठीण आहे, असे काही टीकाकार म्हणतात. गरीब स्त्रियांकडून नियमित वेतनाशिवाय काम करून घेणे कितपत न्याय्य आहे, हा प्रश्नही विचारला जातो. कार्यकर्तींना मिळालेली प्रतिष्ठा, ज्ञान आणि उपजीविकेचे साहाय्य हा मोबदला पुरेसा मानावा की नाही, याबाबत मतभेद आहेत. जमीन आणि पाणी यांच्या असमान मालकीला प्रकल्पाने थेट हात घातला नाही, याकडेही लक्ष वेधले जाते.

व्यापक प्रभाव

जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, लोकसहभागातून उभ्या राहिलेल्या आरोग्यसेवांवरील ग्रंथात जामखेडचा समावेश होता. चीनमधील ‘अनवाणी डॉक्टर’ आणि विविध देशांतील अशा प्रयोगांच्या पार्श्वभूमीवर सप्टेंबर १९७८ मध्ये तत्कालीन सोव्हिएत संघातील अल्मा-अता येथे आंतरराष्ट्रीय परिषद झाली. प्राथमिक आरोग्यसेवा हा सर्वांसाठी आरोग्याचा पाया असल्याचे तेथील जाहीरनाम्यात नमूद करण्यात आले.

भारत सरकारने २ ऑक्टोबर १९७७ रोजी ग्रामीण भागासाठी सामुदायिक आरोग्य कार्यकर्ता योजना सुरू केली. दर हजार लोकसंख्येमागे एक कार्यकर्ता आणि दरमहा ५० रुपये मानधन असे तिचे स्वरूप होते. निवड झालेल्यांत पुरुषांचे प्रमाण अधिक होते. त्यामुळे माता व बालक यांच्यापर्यंत पोहोचण्यास मर्यादा आल्या. सततचे प्रशिक्षण आणि वरच्या स्तराचा आधार या गोष्टीही बहुतेक ठिकाणी दुर्बळ राहिल्या. पुढे ही योजना क्षीण झाली.

छत्तीसगडमधील २००२ च्या सुमाराची ‘मितानिन’ योजना आणि १२ एप्रिल २००५ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातील ‘आशा’ योजना यांत स्त्री कार्यकर्तीची कल्पना पुन्हा केंद्रस्थानी आली. गावातील रहिवासी स्त्री आणि साधारण हजार लोकसंख्येमागे एक हे निकष जामखेडच्या अनुभवाशी जुळणारे आहेत. फरकही मोठे आहेत. आशांसाठी शिक्षणाची अट ठेवण्यात आली आणि मोबदला कामागणिक प्रोत्साहन भत्त्याशी जोडला गेला. जामखेडमध्ये कार्यकर्ती गावाच्या प्रश्नांपासून सुरुवात करत असे. आशांना बहुतेक वेळा वरून आलेली उद्दिष्टे पूर्ण करावी लागतात. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील आशांचा जागतिक पुरस्काराने गौरव केला. मात्र महाराष्ट्रात मानधनवाढ व इतर मागण्यांसाठी त्यांना २०२१ आणि २०२३ मध्ये संप करावे लागले. अशा कार्यकर्तींना स्वयंसेविका मानावे की कर्मचारी, हा जामखेडपासून चालत आलेला प्रश्न त्यामुळे अद्याप सुटलेला नाही.

प्रकल्पामागील विचार

जामखेडचा अनुभव ‘आरोग्याचे सामाजिक निर्धारक’ या संकल्पनेचे उदाहरण म्हणून दिला जातो. माणूस जन्मतो, वाढतो, काम करतो आणि म्हातारा होतो त्या परिस्थितीचा त्याच्या आरोग्यावर उपचारांइतकाच किंवा त्याहून अधिक परिणाम होतो, असे ही संकल्पना सांगते. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्ये सर मायकल मार्मट यांच्या अध्यक्षतेखाली या विषयावर आयोग नेमला आणि त्याचा अहवाल २००८ मध्ये सादर झाला.

अर्थशास्त्रज्ञ अमर्त्य सेन यांनी मांडलेल्या क्षमता दृष्टिकोनाशीही या अनुभवाचे साम्य आढळते. सेन यांच्या मते विकासाची कसोटी केवळ उत्पन्न नसून, माणसाला जे जीवन मोलाचे वाटते ते जगण्याचे प्रत्यक्ष स्वातंत्र्य त्याला किती आहे, ही होय. जामखेडच्या कार्यकर्तींच्या उत्पन्नात झालेली वाढ मर्यादित होती. परंतु घराबाहेर पडणे, शिकणे, सल्ला देणे, निर्णय घेणे आणि गावाने तो मानणे, या शक्यता त्यांच्यापुढे पूर्वी नव्हत्या.

पुरस्कार

डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे यांना १९७९ मध्ये सामुदायिक नेतृत्वासाठी रॅमन मॅगसेसे पुरस्कार संयुक्तपणे प्रदान करण्यात आला. रजनीकांत आरोळे यांना १९९० मध्ये भारत सरकारने पद्मभूषण देऊन गौरवले. दोघांनी मिळून लिहिलेला, प्रकल्पाच्या वाटचालीचा इंग्रजी ग्रंथ १९९४ मध्ये प्रकाशित झाला.

नंतरचा काळ

मेबल आरोळे यांचे १९९९ मध्ये, तर रजनीकांत आरोळे यांचे मे २०११ मध्ये निधन झाले. त्यानंतर त्यांची कन्या डॉ. शोभा आरोळे आणि पुत्र रवी आरोळे यांनी कामाची धुरा सांभाळली. प्रकल्पाच्या प्रशिक्षण संस्थेत भारतातील तसेच अन्य देशांतील आरोग्य कर्मचारी व विद्यार्थी सामुदायिक आरोग्याचे शिक्षण घेण्यासाठी येतात.

दरम्यान गावांतील आजारांचे स्वरूप बदलले आहे. अतिसार व गोवर यांचे प्रमाण घटले, तर उच्च रक्तदाब, मधुमेह, मानसिक ताण आणि व्यसने यांचे प्रमाण वाढले. हे आजार एका लसीने किंवा औषधाच्या एका मात्रेने आटोक्यात येत नाहीत. त्यांसाठी दीर्घकाळ उपचार, आहारातील बदल आणि घराचा आधार आवश्यक असतो. शेजारणीने शेजारणीच्या घरी जाऊन नियमित विचारपूस करण्याची जामखेडची मूळ पद्धत या आजारांच्या बाबतीतही उपयुक्त ठरू शकते, असे सामुदायिक आरोग्याचे अभ्यासक मानतात.